डाव्या मनगटाची नाडी

शिंपीणबाई तान्ह्या असताना डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी दुरुस्त केली, ती डाव्या हाताच्या वाहिनीचा तुकडा वापरून. तेव्हापासून डाव्या मनगटाला नाडी लागत नसे. चाळिशी उलटली तरी तपासण्यांचं शुक्लकाष्ठ काही संपेना.

“उजवा धरा, सिस्टर. डावा नावापुरताच आहे,” त्या थकून म्हणाल्या.

सिस्टरने सवयीने डावाच धरला होता. “अहो, लागतेय की!”

बाईंनी ते हसण्यावारी नेलं. सिस्टरने मात्र छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तिचा चेहराच उतरला.

“हृदय संथ चाललंय तुमचं. ही नाडी दुपटीने धावतेय. तान्ह्या बाळाची असते तशी.”

बाईंना हात ओढून घ्यायचा होता. पण त्याआधीच डाव्या हाताची बोटं आपणहून सिस्टरच्या बोटाभोवती घट्ट मिटली.