पाटीवर न लिहिलेलं वाक्य

पाटी कुणी न्यायची, यावर सुहैर आणि रिफअत या बहीणभावांचं एकमत होत नव्हतं.

त्यांचे वडील शहाता यांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. सकाळी कबरीवर गोड पाव वाटून सगळे अनफूशी या बंदराकाठच्या वस्तीतल्या घरी परतले. नातेवाईक बिनसाखरेची कॉफी पिऊन गेले. आता घरात आई, ही दोघं आणि खिडकीतल्या पिंजऱ्यातला पिवळा कॅनरी एवढेच उरले होते.

"तुझं कैरोतलं घर काडेपेटीएवढं," रिफअत म्हणाला. "पाटी टांगणार कुठे?"

"तुझ्याकडे गेली तर तुझी पोरं तिच्यावर फुटबॉलचे गोल मोजतील."

पाटी दोन वीत लांब होती, एका कोपऱ्यात टवका उडालेली. तिच्यावर आईच्या अक्षरात शेवटचा प्रश्न तसाच होता : 'गोळी घेतली का?' खाली बाबांनी केलेली बरोबरची खूण. ती पुसायला कुणी तयार नव्हतं.

शहाता बावीस वर्षांचे असताना युद्धात त्यांची बोट बुडाली. ते तोफेवर होते. एकतीस जणांतले पाच परत आले, आणि त्या पाचांतल्या शहातांचे कान गेले. पुढे कितीतरी दिवस बुडालेल्यांच्या आया दाराशी येत. माझा मुलगा शेवटी काय बोलला, असं विचारत. त्यांतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. शहाता आपल्या कानांकडे बोट दाखवत आणि त्यांचे हात हातात घेऊन बसून राहत.

नौदलाने त्यांना गोदीतल्या दोरखंडांच्या कोठारात घेतलं. तिथे त्यांनी तीस वर्षं काढली. लग्न झालं, आणि घरात पाटी आली.

"एकदाही आवाज चढवला नाही पण," रिफअत म्हणाला. "गल्लीतले बाकीचे बाप कसे ओरडायचे. आपले बाबा नेहमी शेजारी बसल्यासारखे बोलायचे."

"तू ओरडण्यासारखं कमी केलं होतंस का?"

"बेकरीवाल्याच्या मुलीचं तर पाटीवर लिहायची छातीच झाली नाही माझी. बाबांचे केस कापताना मागे उभा राहून नुसती तालीम केली. 'बाबा, मला तिच्याशी लग्न करायचंय.' दहा वेळा म्हणालो असेन. तर दुसऱ्याच दिवशी बाबा बेकरीत हजर." त्याने आईकडे पाहिलं. "चुगली तूच केलीस. दुसरं कोण?"

"पाटी होती ना घरात," कॉफीचे पेले गोळा करत आई म्हणाली, आणि आत गेली.

सुहैर बराच वेळ पाटीची चौकट बोटाने घासत होती.

"मीही एकदा त्यांच्या मागे बसून बोलले होते," ती म्हणाली. "कैरोला शिकायला नाही म्हणाले, तेव्हा. मी मुलूखियाची पालेभाजी निवडत होते, त्यांच्याकडे पाठ करून. मी म्हणाले, बोटीबरोबर तुम्हीही बुडाला असतात तर बरं झालं असतं."

"मग तू कुठून आली असतीस, शहाणे?"

"चेष्टा नको करूस. आठ दिवसांनी माझी ट्रंक स्वतः खांद्यावर घेऊन स्टेशनवर आले. आईने समजावलं असणार. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे. आणि मी मनात म्हणत होते, देवाची कृपा, यांना ऐकू येत नाही." तिने डोळे पुसले. "बत्तीस वर्षं तेच म्हणत आलेय. पण ते जायच्या चार दिवस आधी राहवलं नाही. चादरीच्या घड्या घालत होते, ते खिडकीकडे तोंड करून पडले होते. म्हटलं, बाबा, ते मी रागात बोलले होते. खरं नव्हतं."

"मग?"

"मग काय. म्हणाले, पिंजऱ्यावरचं कापड काढ, पोरी, आज चांगला दिवस आहे. पाटीवर लिहिलं असतं तर माफी पोचली असती. पण मग आधीचं वाक्यही लिहावं लागलं असतं."

दार वाजलं. शुक्रवारच्या बाजारातला पक्षीवाला बयूमी होता. रिफअतनेच त्याला बोलावलं होतं. शहाता गेल्यापासून आई पिंजऱ्याकडे बघेना, म्हणून पक्षी परत देऊन टाकायचं ठरलं होतं.

आईने बयूमीला कॉफी दिली. त्याने दोन शब्द सांत्वनाचे बोलून पिंजरा गुडघ्यावर घेतला आणि पक्ष्याच्या नख्या तपासल्या.

"कुणाला तरी देईन, पण चांगल्या घरी," तो म्हणाला. "असातसा पक्षी नाही हा."

"आईसाठीच आणायचे बाबा," रिफअत म्हणाला. "तिला गाणं आवडतं ना. ती ऐकायची आणि ते तिच्याकडे बघत बसायचे."

"बाजारात मात्र कधी आणलं नाही हो तुम्हाला, रिफअतची आई. नेहमी एकटेच यायचे."

आईने पाटी सुहैरच्या हातातून हळूच काढून घेतली आणि उलटी करून मांडीवर ठेवली.

बयूमी कॅनरीकडे बघून हसला.

"याच्याआधीचा त्यांनी मला दोनदा परत आणून दिला होता. म्हणाले, बयूमी, वरच्या सुरावर याचा आवाज फाटतो. मी चाळीस वर्षं हाच धंदा करतोय, मला नव्हतं कळलं. मग पिंजऱ्यांकडे पाठ करून बसले, डोळे मिटून, तासभर. वीस पक्षी एकदम गात होते. त्यातून त्यांनी हा एक निवडला, मागे वळूनसुद्धा न बघता."