दार उघडून बघायचं

"इज एनीवन देअर?" सतरंजीवरची पोरं एका सुरात ओरडली.

बंद दाराबाहेरून उत्तर आलं नाही.

मुकुंदवाडीतल्या त्या पुढच्या खोलीत कडुबा सर रोज संध्याकाळी इंग्रजी शिकवत. समवन, एनीवन, नोबडी शिकवायची त्यांची रीत ठरलेली होती. एकाने बाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं आणि टकटक करायची. आतल्यांनी विचारायचं, बाहेर कोणी आहे का. बाहेरच्याने नाव सांगायचं नाही, नुसतं म्हणायचं, "समवन इज हिअर." मग आतल्यांनी, कोण गेलं ते माहीत असलं तरी, आवाजावरून माणूस ओळखायचा. नाव घेतलं की कडी निघायची.

आज पाळी मोनिकाची होती. ती वर्गात कधीच बोलत नसे. टकटक तिने केली होती, पण तीही बोटाच्या टोकाने.

"नोबडी इज देअर!" प्रेरणाने मांडीवर थाप मारली. "सर, ती घरी पळाली."

पोरं हसली.

"बघितलं का तू?"

"आवाजच नाही ना, सर."

"आवाज नाही म्हणजे माणूस नाय व्हय?" सर गुडघ्यावर हात रोवून उठले. "बघितल्याबिगर नोबडी म्हणायचं नाय. आधी दार उघडायचं, मग बोलायचं."

त्यांनी दार उघडलं. मोनिका चपलांच्या ढिगाशेजारी ओठ मिटून उभी होती. सरांनी तिला आत ओढलं नाही. तेच बाहेर गेले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. "लावा रे कडी," त्यांनी आतल्यांना सांगितलं.

पुन्हा टकटक झाली. पुन्हा पोरांनी विचारलं.

"समवन इज हिअर," बाहेरून सरांचा जाड आवाज आला. "अँड समवन एल्स."

"सर! आणि मोनिका!" पोरांनी धावत जाऊन कडी काढली.

डाव हरल्यासारखं तोंड करून सर आत आले. "ओळखलं राव आपल्याला ह्यांनी," ते मोनिकाला म्हणाले. ती बोलली नाही, पण दात दिसतील इतकी हसली.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची मुलगी रत्नमाला उभी होती. ऑफिसातून येताना ती वडिलांच्या गुडघ्यासाठी तेल घेऊन आली होती. तिच्या ओठांवर एक वाक्य आलं. सरांनी तेवढ्यात मान वळवली आणि ते तिथंच राहिलं.

"काय गं?"

"काही नाही, अण्णा. तेल आणलंय. रात्री आठवणीने लावा."

आतून तिच्या आईचा, मालनबाईंचा आवाज आला, "तुमचं समवन-एनीवन झालं असंल तर चहा घ्या. कितींदा तापवू?"

"एव्हरीवनला आहे का?" सरांनी विचारलं.

"एव्हरीवनला पुरायला दूध कुठंय? तुमच्यापुरताच हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे सर उठले नाहीत. तेलाची बाटली उशाशी तशीच होती, झाकणाचं सील न फोडलेली.

सरांच्या मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला. सिल्लोडचे पाहुणे सकाळीच परतले. संध्याकाळी घरात दोघीच उरल्या. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. सरांची खुर्ची दाराकडे तोंड करून, नेहमीच्या जागी.

घराजवळच्या रेल्वे स्टेशनात गाडी शिरली. गाडी येताना दार थरथरतं, तसं ते थरथरलं. गाडी थांबली. मग दारावर हलकेच टकटक झाली.

रत्नमालाने मान वर केली.

"कोणी नाय," मालनबाई म्हणाल्या. "गाडीनं दार हाललं असंल."

"बघितलं का तू?"

मालनबाईंनी तिच्याकडे चमकून पाहिलं.

रत्नमाला दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला, पण काढली नाही.

"इज एनीवन देअर?"

बाहेर कुजबुज झाली. कोणीतरी कोणाला तरी गप्प केलं. मग बराच वेळ काहीच नाही. तिला वाटलं, पोरं निघून गेली. तरी तिने हात काढून घेतला नाही.

"समवन इज हिअर."

आवाज बारीक होता, शेवटच्या शब्दावर जरा कापला. हा आवाज रत्नमालाने आजवर एकदाही ऐकला नव्हता. त्यावरूनच तिने तो ओळखला.

"मोनिका," ती म्हणाली आणि कडी काढली.

दारात मोनिका उभी होती. तिच्यामागे सगळा वर्ग, अनवाणी. चपला आधीच ओळीत लावलेल्या.

"ताई, आम्ही तिला ढकललं नाही," प्रेरणा घाईने म्हणाली. "मीच जाते म्हणाली ती."

मोनिका रत्नमालाच्या बाजूने आत पाहत होती, खुर्चीकडे. बाकीच्यांनीही पाहिलं. नोबडी हा शब्द सगळ्यांना येत होता, पण प्रेरणानेसुद्धा तो उच्चारला नाही.

रत्नमाला दारातून बाजूला झाली. पोरं आत आली. त्यांनी सतरंजी पसरली आणि आपापल्या जागी बसली. मालनबाई पदराने तोंड पुसत उठल्या. स्वयंपाकघरातून फळीवरचं मोठं पातेलं काढल्याचा आवाज आला.

रत्नमाला खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पाठीवर हात ठेवावा तसा तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"अण्णा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लई छान शिकवता तुम्ही."