दोन नंबरची स्क्रीन

केशरबाई तिवस्याहून लेकीकडे अकोल्याला आल्या, त्या भाचीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह घेऊनच. लग्न मोठ्या टीव्हीवर दिसावं म्हणून ज्योत्स्ना कॉम्प्युटरची वायर टीव्हीला जोडत बसली होती.

"घरमालक मोठे मायाळू आहेत तुये," वाळलेलं लुगडं काढायला अंगणात जाता जाता केशरबाई म्हणाल्या. "तू पुण्याले नोकरी पाहून राहिली म्हणे. फाटकातच सांगतलं मले."

ज्योत्स्नाचा हात थांबला. ही गोष्ट तिनं अजून कुणाच्याच कानावर घातली नव्हती. अर्ज तेवढा याच कॉम्प्युटरवर लिहून ठेवला होता. कॉम्प्युटर मांडून दिला होता घरमालक उत्तमरावांनी, वायरी स्वतः भिंतीतून ओढून.

टीव्हीवर चित्र काही येईना. तिनं सेटिंग उघडून 'ओळखा' दाबलं. हे दाबलं की जोडलेल्या प्रत्येक स्क्रीनवर तिचा नंबर उमटतो. टीव्हीवर तीन आला. कॉम्प्युटरवर एक आणि दोन, शेजारी शेजारी. म्हणजे एकच चित्र दोन स्क्रीनवर चाललं होतं, आणि तिच्यापुढे तर एकच स्क्रीन होती.

तिनं पुन्हा दाबलं.

"ज्योत्स्ना," अंगणातून आईचा आवाज आला, "वरतं घरमालकाच्या खोलीत एक न् दोन असे आकडे काहून चमकून राहिले वं?"

ज्योत्स्ना उठून अंगणाच्या दारात आली.

"आता तं परदाबी ओढून घेतला त्यायनं," आई म्हणाली.