भावाचा पाट

पाट मांडून झाला होता. भोवती रांगोळीची रेघ होती. मनकर्णेच्या अंगणात बायका ताटं घेऊन बसल्या होत्या, आणि बडनेऱ्याच्या स्टेशनाकडून येणाऱ्या वाटेवर कोणी दिसत नव्हतं.

यातल्या एकीलाही सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला त्या चंद्राला ओवाळायच्या. मागल्या वर्षी मात्र शेषरावभाऊ आला होता, अकोल्याच्या भगिनी मंडळाचा. पाटावर बसला, प्रत्येकीच्या ताटात बंदा रुपया टाकला, करंज्या खाल्ल्या आणि मगच मंडळाचं बोलला. दहा रुपये भरून सभासद व्हायचं, आणखी पाच बहिणी जोडायच्या. वर्षाच्या आत शिवणयंत्र दारात. मनकर्णेनं या शेजारणीच जोडल्या होत्या.

"खरा असन तो, तं आज येईन," गोदाबाई म्हणाली. ती मंडळात नव्हती.

"येईनच," वच्छला म्हणाली. "ठग असता तं आधी आपल्या ताटात रुपया काहून टाकला असता? ठग घेते. देते का?"

"मासोळी धरणारा बी आधी कणीकच टाकते."

"तुमचं तोंडच कडू, मावशी. ज्यानं ओवाळून घेतलं, तो बहिणीले फसवते का?"

गोदाबाई ताटातली वात पुढे सरकवू लागली.

मैना वाटेकडे पाहत होती. नवऱ्याला चोरून तिनं वर्गणीसाठी गळ्यातले दोन सोन्याचे मणी मोडले होते. "भाऊ येते नं, मनकर्णाबाई?" तिनं हळूच विचारलं.

मनकर्णा वात सारखी करत राहिली.

सकाळच्या गाडीनं ती अकोल्याला जाऊन आली होती, कोणाला न सांगता. मंडळाच्या पत्त्यावर सरकीच्या ढेपेचं दुकान होतं. दुकानदारानं तिच्या पदराला टाचलेला मंडळाचा बिल्ला पाहिला आणि ती काही विचारायच्या आधीच मान हलवली. "बाई, रोज कोणी ना कोणी येते. मी तं आता पाण्याचा माठ बाहेरच ठेवून राहिलो."

कडुनिंबाआड बीजेची कोर उतरायला लागली. कापसाच्या बोंडातून डोकावलेल्या धाग्याएवढी.

"चला वं," गोदाबाई उठली. "बुडाल्यावर काय अंधाराले ओवाळता? हा चंद्र बरा बापा. यानं कधी वर्गणी मांगतली नाई."

मैना ताट घेऊन उठायला गेली. निरांजन कलंडलं, तेल कुंकवात गेलं.

"थांबा," मनकर्णा म्हणाली.

ती आत गेली आणि मूठ मिटून बाहेर आली. रोज दंडावर असायची ती चांदीची वाकी आज नव्हती. ती अकोल्याच्या सराफाकडे राहिली होती. पदर दंडावर ओढून घेत तिनं मंडळातल्या प्रत्येकीच्या ताटात एकेक रुपया टाकला.

"भाऊ सकाळी अकोल्याले भेटला. ताप आहे त्याले. ओवाळणी माह्याजवळ देल्ली."

"अन् मशीन?"

"येऊन राहिली म्हणे."

"मंग आतापर्यंत मुक्यानं काहून बसली होती?" गोदाबाईनं विचारलं.

"तुमची गंमत पाहून राहिली होती."

मैना हसता हसता रडायला लागली. वच्छला गोदाबाईकडे वळली. "आता बोला, मावशी! कणीक टाकते म्हणे!"

गोदाबाईनं वच्छलेच्या ताटातला रुपया उचलला. ओट्याच्या दगडावर आपटून पाहिला. खणखणीत वाजला. तो तिनं परत ठेवला. मग कमरेची गाठ सोडली.

"घे. कापसाच्या वेचणीचे आहेत. मोजून दहा रुपये. आमच्या ललिताचं नाव घाल मंडळात. नवऱ्यानं टाकलेली पोरगी, मशीन आली तं लोकायचे पोलके शिवून खाईन. मी उगाच वर्षभर कडू बोलली तुले."

मनकर्णेचा हात पदराखालून निघेना. "मावशी, भाऊले बरं वाटू द्या... मंग त्याच्याच हाती..."

"तो काय अन् तू काय!" गोदाबाईनं तिचा हात ओढून काढला, त्यात पैसे ठेवले आणि एकेक बोट मिटवलं. "अन् भाऊबीजेले पाट रिकामा ठेवत नाई. भावाची ओवाळणी तूच आणली. बस त्याच्या जागी."

बायकांनी तिला धरून पाटावर बसवलं. कपाळाला तेलकट कुंकू लागलं. मैनानं गाणं सुरू केलं, बाकीच्यांनी सूर धरला:

दिवा लाविते तुपाचा, वात कापसाची बाई
माझ्या बंधूच्या वाटेला आज अंधार गं नाही

ताटं तिच्या तोंडाभोवती फिरली. कोर केव्हा बुडाली, कोणी पाहिलं नाही.

गाणं संपलं तरी गोदाबाईचं ताट मनकर्णेपुढून हललं नाही. तेवढ्या एकाच ताटात रुपया नव्हता.

"बहिणीचं ताट आहे, भाऊ," गोदाबाई हसत म्हणाली. तिला असं हसताना आळीत कोणी पाहिलं नव्हतं.

मनकर्णेच्या मुठीत ललिताचे पैसे होते. दुसरं काही नव्हतं.

तिनं मूठ उघडली आणि त्यातलाच एक रुपया ताटात टाकला.

खणखणीत वाजला.