परतीचा डबा

“मॅडम, बाहर का खाना अंदर नहीं जाएगा,” बैठकीच्या इमारतीच्या फाटकावरच्या जवानानं सांगितलं आणि वृंदाचा चेहरा पडला. डब्यात शंकरपाळे होते, आदल्या दिवशी करोलबागेतल्या घरी तिनं स्वतः तळलेले. पण नियम तो नियम. व्यापार खात्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यांना नियम दाखवलेल्या बाईनं आता कुठल्या तोंडानं भांडायचं? शंकरपाळे कागदी पिशवीत फाटकावरच राहिले. रिकामा डबा तेवढा आत आला.

डबा तिचा नव्हताच. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या देशाशी मुक्त व्यापाराची बोलणी इथेच सुरू व्हायची होती. तिकडच्या एका तरुण अधिकारी बाईंनी या डब्यातून घरच्या नारळाच्या वड्या आणल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी सगळं फिसकटलं, आणि तेही साखरेवरून. ऐन सणाच्या तोंडावर तुम्ही साखर पाठवणं बंद करता, पुरवठ्याची हमी द्या, असं त्यांचं म्हणणं. हमी सोडून काहीही मागा, असं आपलं. पाहुणे रागारागानं विमानतळावर गेले. डबा वृंदाकडे राहिला.

“शेजारणीचा डबा आहे, रिकामा परत करू नकोस हं,” तेव्हा आई म्हणाली होती. आई गेली, वृंदाचे केस पिकले, डबा फडताळात तसाच होता. आणि आज त्याच बाई शिष्टमंडळाच्या प्रमुख होऊन समोर बसल्या होत्या.

सकाळभर गाडी पुन्हा साखरेवरच अडली. संयुक्त निवेदन तयार होतं, पण दुसऱ्या फेरीच्या तारखेची जागा कोरी होती. आधी हमी, मग तारीख, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. हमी देणं वृंदाच्या हातात नव्हतं. तारीख न ठरता बोलणी सुरू झाली म्हणायचं म्हणजे नुसता हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो. त्या फोटोनंतर काय होतं, ते तिनं एकदा पाहिलं होतं. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. हे काम दुसऱ्यांदा असंच टाकून जायचं या विचारानं तिला रडू येत होतं.

चहाची सुट्टी झाली. बाई एकट्याच खिडकीपाशी उभ्या होत्या. डबा द्यायचा तर आत्ताच. पण रिकामा? वृंदानं इकडेतिकडे पाहिलं, चहाच्या टेबलावरून हाताला लागेल ते मूठभर उचललं, डब्यात टाकलं आणि झाकण लावून तरातरा चालत गेली.

“हा तुमचा. फार उशीर झाला, माफ करा,” ती हिंदीत म्हणाली.

तिचा सहायक अंशुमन मागून धावत आला. “मॅडम, डब्यात काय घातलंत तुम्ही?” तो कानाशी कुजबुजला. “साखरेच्या पुड्या? यार मॅडम, आज? यांना?”

वृंदानं डबा परत घ्यायला हात पुढे केला, पण तो बाईंच्या हातात गेला होता. आयुष्यभर एकेक शब्द तोलून लिहिला आणि नेमकी आज ही अक्कल पाजळली. बाईंना हा टोमणाच वाटणार. आता त्या उठून गेल्या तर कुणाला दोष द्यायचा?

बाईंनी डबा उलटा करून पाहिला. तळाला त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग झाकण उघडलं. आतल्या पांढऱ्या पुड्यांकडे त्या बघतच राहिल्या.

“आमच्याकडेही शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत,” त्या हळूच म्हणाल्या. “माझी आई शेवटपर्यंत विचारायची, दिल्लीहून डबा आला का म्हणून.”

बाईंनी एक पुडी उचलून उजेडात धरली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना हसू फुटलं.

“अकरा वर्षं साखर मागतोय आम्ही. आज न मागता मिळाली. हमीचं बघू बोलता बोलता, पण एवढ्या साखरेत आपल्या दोघींचा चहा तर नक्की होईल. फेब्रुवारीत तो प्यायला आमच्याकडे या.” आणि डबा काखेत धरून त्या अंशुमनकडे वळल्या. “लिहा तारीख.”