हुकलेला वार

सहा वर्षं टेबलाभोवती फाशांचा कल्पनाखेळ खेळून आमची पात्रं सर्वात वरच्या पातळीला पोचली, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो ड्रॅगन पॉपकॉर्न संपायच्या आत मेला. शी! डुलुथच्या थंडीत गाडीवरचा बर्फ खरवडून यासाठी आलो होतो?

खेळ चालवणारा लॉवेल नेहमीप्रमाणे पुठ्ठ्याच्या आडोशाला ड्रॅगनचा वीस बाजूंचा फासा टाकत होता. एक पडला तर वार फुकट, वीस पडले तर जखमी माणूस संपलाच.

“हा तुझा महाभयंकर ड्रॅगन?” माझ्या शेजारी खेळणारी ट्रिश म्हणाली. “माझी मांजर जास्त बोचकारते.”

“माझी चेटकीण अर्धमेली होऊन त्याच्या जबड्यासमोर उभी होती, तरी तू म्हणालास, त्याचा शेवटचा वार हुकला!” मी वैतागलो. “अवघडपणाला दहापैकी एक गुण. तोही देताना किळस येते. जरा तरी मेहनत घ्यायची होतीस, लेका.”

लॉवेलनं पुठ्ठा उचलला आणि घडी करून पिशवीत टाकला.



ड्रॅगनच्या शेवटच्या वाराचा फासा अजून तिथंच पडलेला होता. वीस.