तळ्याकाठच्या दोनशे बारा गाड्या

टाळेबंदीचे निर्बंध उठले, तरी बहुतेकांचे काम घरूनच चालू होते. मात्र तळ्याकाठी संपणाऱ्या रस्त्यावर रोज सकाळी नऊला दोनशे बारा गाड्या जात आणि सहाला परतत. यामागचे कारण सापडेपर्यंत वाहतूक अभियंत्याची बढती अडली होती. म्हणून घरूनच काम करणारा तो अखेर स्वतः तिथे गेला. पहिल्याच गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याची बायको!

"अगं, तुझं ऑफिस सुरू झालं ना?"

"कसलं ऑफिस! दोन वर्षं तुमच्या स्पीकरवरच्या मीटिंगा ऐकून कान किटलेत. सरका, काच लावू द्या."

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणे त्याला पटेना. त्याने उरलेल्या दोनशे अकरा काचांवर टकटक केली.



अहवालात लिहिले : 'कारण – जोडीदार घरून काम करतो.'